एक्केचाळिसाव्या पानावरचा शिक्का

“बाई, आमच्या कुलकर्ण्यांच्या पेट्या हितंच आल्यात न्हवं? त्यात आमची वही हाय.”

एवढं बोलून हौसाबाई आमच्या दप्तरखान्याच्या उंबऱ्यावर बसली. मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला तिची वाडी. तिथून पौडपर्यंत चालत आणि पुढं एस.टी.नं आली होती. मी तेव्हा पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत जुन्या कागदांचं काम बघायची. मोडी वाचायचं, यादी करायची, नंबर घालायचा. तिच्या गावचे आण्णा कुलकर्णी वारले, तेव्हा त्यांच्या पुण्यातल्या मुलानं दोन पेट्या भरून कागद आम्हाला भेट दिले होते.

“कसली वही, मावशी?”

“पिकाची. कुणाचं शेत, कोन कसतंय, त्ये लिवायची. तलाठी म्हनतोय चावडीत न्हाई. मंगळवारी तारीख हाय. वही न्हाई घावली तर खाचर जातंय बगा.”

कूळकायद्याची वर्षं होती ती. दुसऱ्याची जमीन कूळ म्हणून कसणाऱ्याला आता तिचं मालक होता येत होतं; मात्र आपण कूळ होतो हे दाखवावं लागे. हौसाबाईच्या नवऱ्यानं ओढ्यालगतचं भातखाचर जन्मभर कसलं आणि तो वारला. जमीनमालक म्हणत होता, तो कूळ नव्हताच, रोजावरचा गडी होता. खरं काय ते सांगणारी एकच गोष्ट होती. दर हंगामाला शेतात कोण आहे हे बघून लिहायची ती सरकारी पाहणीची वही.

ती आमच्याकडे होती. मीच ती ‘शेतीविषयक किरकोळ’ म्हणून यादीत घातली होती.

आण्णांनी काही चोरी केली नव्हती. कुलकर्ण्यांची वतनं जाईपर्यंत त्यांचं घर हीच गावाची कचेरी असे. दप्तर बांधायच्या लाल फडक्याला रुमाल म्हणत. एकाच रुमालात गावाच्या वह्या, मुलीच्या लग्नाची पत्रं आणि नातवाची पत्रिका सुखानं नांदायची. वतनं गेली तेव्हा दप्तर तलाठ्याकडे गेलं, पण एक रुमाल घरात राहून गेला. आण्णांच्या मुलाला त्यातलं काही कळत नव्हतं. मला कळत होतं, तरी मी बघितलं नाही. पुठ्ठ्यावर सरकारी छाप होता आणि मी त्याच्यावर आमचं लेबल चिकटवलं होतं. आज हे लिहितानाही मला माझाच राग येतो.

हौसाबाईसमोर वही उघडली. तिच्या खाचराची नोंद एक्केचाळिसाव्या पानावर होती. कुळाच्या रकान्यात, वर्षामागून वर्ष, तिच्या नवऱ्याचं नाव. आणि नेमका त्या नावावर आमच्या संस्थेचा गोल जांभळा शिक्का.

पुस्तकाच्या पहिल्या आणि शेवटच्या पानावर शिक्का मारतात, हे सगळ्यांना माहीत असतं. चोर ती दोन पानं फाडतो. म्हणून ग्रंथालयं आत एक गुप्त पान ठरवतात आणि प्रत्येक पुस्तकात त्याच पानावर शिक्का मारतात. आमचं गुप्त पान एक्केचाळिसावं. ते संस्थेच्या चिटणीसांना आणि मला, दोघांनाच माहीत. मी पान न वाचता हात चालवला होता.

वही घेऊन मी चिटणीसांकडे गेले.

“नक्कल करून द्या,” ते म्हणाले. “सही मी करतो.”

“खासगी संस्थेची नक्कल कोण मानेल, साहेब? मूळ वही सरकारकडे परत गेली पाहिजे.”

“दानपत्रात लिहिलंय, संग्रह फोडायचा नाही. समितीपुढे ठेवू. पुढच्या महिन्यात बैठक आहे.”

“तारीख मंगळवारी आहे. आणि जी वही आण्णांची नव्हती, ती त्यांचा मुलगा दान कशी देणार? आपण तरी ठेवणार कशी?”

चिटणीस चष्मा पुसायला लागले. मुद्दा पटला पण सही करायची नाही, असं असलं की ते चष्मा पुसत. शेवटी म्हणाले, “मुलाचं पत्र आणा. मग बघू.”

शनिवारी मुलाचं घर गाठलं. तो घाबरला. “लोक म्हणतील, आण्णांनी वही दडवली.”

“दडवायची असती तर तुम्ही ती आम्हाला दिली असती का? आता गप्प बसलात, तर मात्र लोक तसंच म्हणतील.”

त्यानं माझ्यासमोर चार ओळी लिहून दिल्या. सोमवारी चिटणीसांनी सही केली आणि “तुमच्या जबाबदारीवर” असं दोनदा म्हणाले. मी चार पुस्तकं स्वतःच्या नावावर काढून पिशवीत घातली. मंगळवारी सकाळी पौडच्या कचेरीत वही जमा केली आणि पावती घेतली.

सुनावणीत मालकाच्या वकिलांनी वही हातात घेतली आणि त्यांचा चेहराच खुलला.

“पाहा साहेब! ज्या पानाचा वाद, त्याच पानावर शिक्का. तोही नावावर. मागच्या-पुढच्या पानावर नाही. खाडाखोड झाकलीय ही.”

मामलेदारांनी विचारलं, “शिक्का कुणी मारला?”

“मी.”

“याच पानावर का?”

हौसाबाई माझ्याकडे टक लावून बघत होती. मी पिशवीतली पुस्तकं टेबलावर ठेवली. “हे सांगितलं की आमच्या संस्थेचं गुपित फुटतं. पण सांगते. यातलं कुठलंही उघडा. एक्केचाळिसावं पान.”

मामलेदारांनी पहिलं उघडलं. दुसरं, तिसरं उघडलं. चौथं वकिलांनी त्यांच्या हातातून घेऊन स्वतः उघडलं आणि मिटून परत ठेवलं. मग मामलेदारांनी वहीचं पान खिडकीशी धरलं. शाईखाली नाव शाबूत होतं, कागद कुठं खरवडलेला नव्हता.

“नोंद खरी आहे,” ते कारकुनाला म्हणाले. “लिहून घ्या.”

सुनावणी संपल्यावर कारकुनाच्या टेबलाशी हौसाबाईनं माझा हात धरला. “बाई, त्यांचं नाव कुटं हुतं? मला दावा की.”

कारकून कुरकुरला, पण त्यानं वही उघडली. मी तिचं बोट धरून नावावर ठेवलं. तिनं ते बोट नावावरून सावकाश फिरवलं.

“आन् ह्यो शिक्का कशापायी मारला त्यांच्यावर?”

मामलेदारांना दिलेलं उत्तर तिला देता येईना. “चुकले, मावशी,” एवढंच म्हटलं आणि मला रडू आलं.

खाचर तिच्या नावावर झालं. चिटणीस मात्र भडकले. “गुप्त पान भर कचेरीत सांगून आलात!” नवं पान ठरलं आणि संग्रहातल्या प्रत्येक पुस्तकावर, प्रत्येक वहीवर पुन्हा शिक्का मारायची शिक्षा मला झाली. वर्षभर पुरली. या खेपेला शिक्का उचलण्याआधी मी प्रत्येक वही उघडून वाचली. दुसऱ्या दोन घरांच्या रुमालांतून आणखी दोन गावांच्या वह्या निघाल्या.

त्या मी नेऊन दिल्या, पावत्या घेतल्या, आणि मग चिटणीसांना सांगितलं.