अजून एक वाढा

अमरावतीहून अकोल्याला जाताना एसटीत माझ्या शेजारी टीव्हीवरचा आगंतुक पाहुणा येऊन बसला. विनोदी मालिकेत ताटावरून उठवायला गेलं की बोट वर करून "अजून एक वाढा, मंग जातो," म्हणणारा तोच. नाव कोणालाच ठाऊक नसावं. कंडक्टरनेही त्याला 'पाहुणे' म्हणूनच तिकीट दिलं.

मी चिवडा पुढे केला. त्याने हात जोडले.

"नाई जी. टीव्हीवर लय वर्षं खाऊन राहिलो, पन आज नाई. पोरीची सोयरीक कराले चाललो. पोराकडच्याईले मी बाप दिसलो पाहिजे, खादाड नाई."

मग मूर्तिजापूरपर्यंत तो खिडकीच्या काचेत पाहून गंभीर चेहऱ्याचा सराव करत होता. मला हसू आवरेना.

अकोल्याला मुलाचे वडील स्टँडवरच डबा घेऊन उभे. "घरचीनं देल्ला," ते लाजत म्हणाले. "म्हने, पाहुन्याले भूक लागली असन."

डब्यात पुरणपोळ्या होत्या. त्याने हताशपणे माझ्याकडे पाहिलं, उभ्या उभ्याच एक संपवली आणि हळूच बोट वर केलं.

"वाढतो जी," डोळे पुसत हसणारे व्याही म्हणाले, "पन आता जाचं नाई."