माझ्याशिवाय न चालणारा सर्व्हर

कॉलेजच्या सर्व्हरवर कोणतं लिनक्स टाकायचं हे ठरवायला मला अर्धा तास लागला, आणि त्या अर्ध्या तासाची शिक्षा मी तीन वर्षं भोगली.

जानेफळकडच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवायचो. नोटिसा, टाइमटेबल, निकाल कॉलेजातल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर दिसावेत म्हणून साधा वेब सर्व्हर उभा करायचं ठरलं. लिनक्स फुकट, म्हणून तेच. माझ्याकडे दोन सीड्या होत्या. एक नवख्यांसाठीची: माऊस चालतो, चित्रं दिसतात, बटण दाबलं की काम होतं. दुसरीत नुसता काळा पडदा, सगळे हुकूम हाताने टाइप करायचे. नोटिसा चढवायचं काम ऑफिसातल्या क्लार्क मॅडमचं. त्या म्हणाल्या, "सर, सोपं असन थेच टाका ना, मले बी जमलं पाह्यजे."

मी काळा पडदा टाकला. मिजास, दुसरं काय! साध्या नोटिशीसाठीसुद्धा मॅडमनी "सर, या ना जरा" म्हणावं आणि मी खडू ठेवून तोऱ्यात ऑफिसात जावं, हे मला फार गोड लागायचं. हुकूम कुठं लिहूनही ठेवले नाहीत.

मग बायकोला बुलढाण्याला नोकरी लागली. तान्ह्या लेकीला घेऊन ती तिकडे गेली. मी दर शनिवारी मेहकर, चिखली अशा एस्ट्या बदलत जायचो. एका शनिवारी लेकीला उचललं, तर ती किंचाळून आईच्या खांद्याला चिकटली. बापालाच परका समजली! सोमवारी मी संस्थेच्या बुलढाण्याच्या कॉलेजात बदली मागितली.

संस्थेनं दिली. प्राचार्यांनी सोडलं नाही.

"काऊन हो सर, सर्व्हर कोन पाहीन? तुमच्याबिगर तं थो हालत नाही. मानूस तयार करा अन् खुशाल जा."

कुणाला तयार करणार? काळा पडदा पाहिला की जो तो हात वर करायचा. महिने गेले, वर्षं गेली. मी पोरांवर विनाकारण खेकसायला लागलो. सर्व्हरसमोर बसणं नको व्हायचं, आणि कुणाला शिव्या द्याव्यात तर तो खड्डा माझाच खणलेला.

शेवटी अक्कल आली. जुनं सगळं पुसलं, नवख्यांचं लिनक्स टाकलं आणि चार दुपारी मॅडमना शिकवलं. पाचव्या दुपारी वीज गेली आणि तासाभरानं आली. मी मुद्दाम जागचा हललो नाही. मॅडमनी मशीन सुरू केलं, वेब सर्व्हर चालू आहे का पाहिलं, नोटीस चढवली. मी टाळीच वाजवली.

मॅडम हसल्या नाहीत. दाराकडे बघून हळूच म्हणाल्या, "सर, मले येते म्हनून सांगू नका."

"अहो, का?"

"आमचे हे खामगावले रायतात. माहा बी बदलीचा अर्ज गेला आहे. तुमचं काय झालं थे म्या रोज पाह्यलं ना."

माठातलं पाणी प्यालो. लेकीची ती किंकाळी कानातून जात नव्हती. मग सरळ प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेलो आणि सांगून टाकलं की मॅडमना सगळं येतं. लाज वाटली, खोटं कशाला बोलू? पण सांगताना आवाज जराही कापला नाही.

"वा वा!" म्हणत प्राचार्यांनी बेल वाजवली. मला कार्यमुक्त करायचा आदेश टाइप करायचं काम मॅडमचंच. त्या आल्या, खाली मान घालून मजकूर उतरवून घेतला आणि गेल्या. अर्ध्या तासात कागद माझ्या हातात होता. एकही चूक नव्हती. शेवटच्या ओळीत, सर्व्हरचा कार्यभार कोणाकडे सोपवला तिथं, त्यांनी स्वतःचं नाव टाइप केलं होतं. त्याच्या खाली, कार्यभार देणारा म्हणून, मी सही केली.