झुलीचा कच्चा टाका

सुपरहिरो भाच्याच्या केपला, म्हणजे पाठीवरच्या त्या झुलीला, शिंपीणमावशीने गळ्याशी मुद्दाम कच्चा टाका घातला होता. दुष्टाने मागून ओढलं तर झूल जावी, मान राहावी. पण आभाळात उडणारा हा दीडशहाणा तिसऱ्यांदा कुरकुरत आला.

"मावशी, झूल निसटली की खलनायकसुद्धा हसतात गं! पक्की शिवण मार."

"हसण्याने मान मोडत नाही, गाढवा!"

"तुला यातलं काही कळत नाही."

चाळीस वर्षं मशीन चालवून हे ऐकायचं! मावशीचं डोकं फिरलं. तिने दुहेरी शिवण मारली, झूल त्याच्या अंगावर चढवली आणि मागून जोरात हिसडा दिला. भाच्याचे डोळे पांढरे झाले.

"आता बोल!"

तो नुसता खोकत राहिला. मावशीने कात्री पुढे केली.

"धर. तूच उसव."