ऑप्शनला टाकलेली कविता

आमच्या बाई इंग्रजी आम्हांला शिकवायच्या आणि ते सबंध गल्लीला यायचं. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या पुढच्या खोलीत आम्ही बारावीची मुलं-मुली दाटीवाटीनं बसायचो; पण समोरच्या गिरणीतला माणूससुद्धा दळण परत नेणाऱ्याला 'बट व्हाय?' असं विचारायला लागला होता. बाईंना हळू बोलता येत नव्हतं. कुणाच्या कानात काही सांगायचं झालं तरी त्या आधी खिडकी लावून घ्यायच्या.

कविता शिकवायची त्यांची एकच रीत होती. "नळावर सांग," म्हणायच्या. म्हणजे पाणी यायच्या आधी घागर लावून शेजारणीशी बोलावं, तशी कविता सांगायची. एकदा मी गाईडातलं 'कवीच्या एकाकी मनाचा निसर्गाशी संवाद' वगैरे घडाघडा म्हणाले. बाई म्हणाल्या, "असं बोललीस तर बायका घागर घेऊन पळतील. त्याला कोण बोलायला न्हाय म्हणून त्यो झाडाशी बोलतोय, एवढं म्हण की." मात्र कवितेत नसलेलं काही पदरचं घातलं, की मार्क कापायच्या. आजही काही अवघड वाचलं की मी ते मनातल्या मनात नळावर सांगून बघते.

बाईंचे यजमान फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पण आपल्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजर, तसे तेही मेजरकाका. आतल्या खोलीत ते टीव्हीवर कुस्त्या लावून बसायचे. बाईंचा आवाज चढला की टीव्हीचा चढायचा आणि टीव्हीचा चढला की बाईंचा. काकांना लढाईबद्दल विचारलं तर म्हणायचे, "थंडी लई हुती." थंडीखेरीज त्यांनी तिकडे काही पाहिलंच नसावं, अशी आमची खात्री होती.

पुस्तकात एका शिपायाची कविता होती. ओढ्यावर पाणी पिणाऱ्या शत्रूच्या पोराला तो गोळी घालतो आणि घरी परतल्यावर पाण्याचा पेला उचलला की ते पोरगं त्याच्यासमोर उभं राहतं. बाई दरवर्षी ती ऑप्शनला टाकायच्या. का, म्हटलं तर "सुमार हाय," एवढंच सांगायच्या. पण आमच्यातल्या शबानाला एकेका मार्काची काळजी. गेल्या वर्षी हीच आलती म्हणून तिनं धोशा लावला आणि आम्ही सगळ्यांनी तिची री ओढली. शेवटी बाई उठल्या, आतलं दार लोटून घेतलं, खिडकी लावली आणि वाचायला लागल्या.

इतक्या हळू, की आम्हांला सतरंजीवरून पुढे सरकावं लागलं. शबानानं गाईडातलं 'शिपायाचा पश्चात्ताप' वाचून दाखवलं. बाई सवयीनं "नळावर सांग," म्हणून गेल्या, पण 'एक शिपाई होता, ओढ्यावर एक पोरगं होतं' याच्यापुढे कुणाला जाता येईना. बाईंचा आवाज येईना म्हणूनच असेल, आतला टीव्ही बंद झाला. थोड्या वेळानं दार उघडून मेजरकाका बाहेर आले आणि पोरासारखा हात वर करून उभे राहिले.

"बाई, मी सांगू?"

बाईंनी नुसती मान हलवली.

"एक माणूस हुता," काका म्हणाले. "त्यानं एका पोराला मारलं. हुकूम हुता. पोरगं पाणी पीत हुतं. माणूस घरला आला. बायकोनं इचारलं न्हाय, त्यानं सांगितलं न्हाय. टीव्ही मोठा केला."

कवितेत बायको नव्हती, टीव्ही तर नव्हताच. आता मार्क कापणार म्हणून आम्ही बाईंकडे बघत राहिलो. त्यांनी पदरानं चष्मा पुसला.

"धापैकी नऊ," त्या म्हणाल्या. "एक कापला. उशीर केला म्हणून."

परीक्षेत ती कविता आलीच नाही. शबाना आठवडाभर धुसफुसत होती. निकालाचे पेढे घेऊन मी गेले तेव्हा गल्ली इतकी शांत होती, की बाई आजारी पडल्या की काय असं वाटलं. दार उघडंच होतं. काका आमच्या सतरंजीवर मांडी घालून बोलत होते आणि बाई, आमच्या त्या बाई, गप्प बसून ऐकत होत्या. मला बघून त्या उठून दाराशी आल्या. खिडकी सताड उघडी होती, तरी त्यांचं बोलणं ऐकायला मला कान पुढे करावा लागला.

"सांजचं ये. ह्यांचं अजून सांगून व्हायचं हाय."