घोणीचे डॉक्टर

कुत्र्याशी पटत नाही म्हणून मांजर पाळणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि माणसांशी पटत नाही म्हणून पोपट पाळणारीही. पण या सगळ्यांशी वाकडं घेऊन थेट घोणी पाळणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. घोण म्हणजे मोठी गोम. वीतभर लांब, तांबूस-काळी, आणि चावली तर माणसाला गल्लीभर नाचवणारी. साडूंच्या घरी मागच्या खोलीत बिस्किटांच्या काचेच्या बरण्या मांडलेल्या असत. खाली ओली माती, वर पालापाचोळा, झाकणाला दाभणानं पाडलेली भोकं, आणि आत एकेक घोण.

नवीन जालन्यात एका बियाण्यांच्या कंपनीत बी तपासायची त्यांची नोकरी. दिवसभर भिंगातून बघून बघून कुठलीही गोष्ट आहे तेवढीच बघणं त्यांना कमीपणाचं वाटू लागलं होतं. भाकरी आधी भिंगाखाली जायची, मग पोटात. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी वरणाची तपासणी सुरू केली, तेव्हा नवरीचा बाप हात जोडत आला आणि म्हणाला, "साहेब, कोणत्या खात्याचे तुम्ही? आधी सांगायचं ना, वेगळं बसवलं असतं."

त्यांना घोणींचा लळा होता असं मात्र मी म्हणणार नाही. लळा होता तो घोणींच्या अंगावर सापडू शकणाऱ्या किड्यांचा. बरणीतल्या मातीत बारीक पांढरं काही हललं की साडू खुलत आणि आल्या-गेल्याला खांद्याला धरून आत नेत. "हे बघा, फिरून राह्यला ना किडा, तर तो पाव्हणा. उरलंसुरलं खातो, त्याचा तरास न्हाई. पण पायाच्या सांध्यात चिकटून बसला की समजायचं, परजीवी. मंग तो बिलकुल हलत न्हाई." हे मला ऐकवलं तेव्हा मी त्यांच्याकडे मुक्कामाला येऊन बरेच दिवस झाले होते, आणि बोलताना त्यांची नजर बरणीवर नव्हती.

एकदा असाच संशय आला म्हणून त्यांनी एक घोण पिशवीत घालून एसटीनं भोकरदनला नेली. तिथं त्यांचे वर्गमित्र जनावरांचे डॉक्टर होते. बाहेर म्हशी, बैल, शेळ्या घेऊन माणसं बसलेली. शेजारच्या म्हशीवाल्यानं आपुलकीनं विचारलं, "तुमचं काय आणलं? कोंबडी का?" साडूंनी बरणी काढून दाखवली. म्हशीवाला उठून पार रस्त्यापलीकडे जाऊन बसला. डॉक्टरांनी मात्र मैत्रीला जागून घोणीकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "सुई द्यायला हरकत न्हाई. फक्त कोणत्या पायात देऊ तेवढं सांग." साडू तावातावानं परत आले. त्या डॉक्टरला पुढं ते 'म्हशीपुरता माणूस' म्हणत.

हे सगळं माझ्या मोठ्या मेहुणीच्या, म्हणजे अक्काच्या घरात चाललेलं होतं. अक्का त्या खोलीत पाऊल टाकत नसे. "तिकडं त्यांचा संसार, हिकडं माझा," एवढंच म्हणे.

मग एका उन्हाळ्यात साडूंचा फोन आला. आवाज असा, की मला वाटलं घरात कोणी अत्यवस्थ आहे. टेंभुर्णीच्या शेतातून, विहिरीजवळच्या दगडाखालून आणलेली त्यांची सगळ्यात मोठी घोण खात नव्हती. कोपऱ्यात वेटोळं करून पडली होती, आणि पोटाखाली पिवळट दाण्यांचा झुबका चिकटला होता. "नवीनच जात हे किड्याची. आजवर कुणी बघितली नसंल. जल्दी या."

मी गेलो. शोध लागताना साक्षीदार हवा असतो, आणि साडूंना सवडीचा माणूस दुसरा नव्हता. त्यांनी रंगाचा बारीक ब्रश आणला होता. एरवी काडी दिसली तरी अंगावर धावणारी ती घोण, ब्रश लागताच चावली नाही की पळाली नाही. तिनं वेटोळं आणखी घट्ट केलं. साडूंनी नेटानं चार-दोन दाणे खरवडून काढलेच. "बघा कसे चिकटले! रक्त पिऊन राह्यले तिचं."

चहा घेऊन आलेली अक्का दारातच थांबली होती. ती पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आली, बरणीवर वाकली आणि म्हणाली, "अहो, थांबा. ते चिकटले न्हाईत. तिनं धरलेत."

"तुला काय कळतं यातलं?"

"यातलं न्हाई कळत. पण गोचडी कुणी पोटाशी धरतं का?"

साडूंनी भिंग लावलं. भिंगाआडचा त्यांचा डोळा मोठा आणि ओलसर दिसत होता. मग त्यांनी ब्रशावरचे दाणे हळूच परत तिच्याजवळ ठेवले. ती अंडी होती. आमच्या देखत तिनं तोंड वळवलं आणि ते दाणे खाऊन टाकले. हात लागलेली अंडी ती ठेवणार नव्हती. सकाळपर्यंत निम्मा झुबका संपला.

साडूंनी बरणीवर काळं फडकं टाकलं आणि खोलीला बाहेरून कडी लावली. महिनाभर ते आत गेले नाहीत. पाणी शिंपडायला अक्का जायची, तेही श्वास रोखून. एक दिवस तिनंच त्यांना हाक मारली. फडक्याच्या फटीतून, पांढरी, दोऱ्याएवढी, मोजकीच पिल्लं आईच्या पायांत वळवळताना दिसली.

पिल्लं रंगावर आली तेव्हा आम्ही तिघं टेंभुर्णीला गेलो. विहिरीजवळ साडूंनी बरणी आडवी केली. घोण मागं न बघता दगडाखाली गेली, पिल्लं इकडंतिकडं पांगली. मी थट्टेची चार वाक्यं वाटेतच जुळवून ठेवली होती.

"चला आता, गाडी जाईल," अक्का म्हणाली.

साडू उकिडवेच बसून राहिले. "अर्धी तर मीच मारली," ते म्हणाले.

अक्का त्यांच्या शेजारी मातीत बसली. मग मीही बसलो.