पंच क्रमांक एक

जनूने आयुष्यात सगळ्यात जास्त काय केलं असेल तर चहा, आणि त्याच्या खालोखाल सह्या.

उल्हासनगरला कॅम्प पाचकडे एक सरकारी कचेरी आहे. कोणती ते विचारू नका, मी सांगणार नाही. तिच्या फाटकाला लागून जनूची टपरी आणि टपरीला लागून माझं टेबल. मी लोकांना अर्ज लिहून देतो. तेवीस वर्षं आम्ही एकाच पत्र्याखाली बसतोय, त्यामुळे जनूविषयी मी जे सांगतोय ते ऐकीव नाही. आणि माझ्याविषयी जे सांगावं लागेल तेही सांगणार आहे, सावकाशीने.

कुठल्याही परवान्याच्या फाइलीत जागेचा पंचनामा लागतो. दोन तिऱ्हाईत माणसांनी म्हणजे पंचांनी समक्ष जागेवर जायचं, जागा बघायची आणि खाली सही करायची, असा नियम. आता जागेवर जातो कोण? साहेबाला वेळ नसतो, कारकुनाला गाडी नसते, आणि ऊन तर सगळ्यांनाच लागतं. मग पंचनामा कचेरीतच लिहून तयार होतो आणि शिपाई खिडकीतून हाक मारतो, "जनू, ये रे, सही कर." जनू फडक्याला हात पुसतो, आत जातो आणि सही करून येतो. पिठाची गिरणी, फटाक्यांचं दुकान, लग्नाचा हॉल, सगळ्या जागा त्याने 'समक्ष' पाहिल्या आहेत. बदलापूरचा एक पेट्रोल पंप त्याने पाहिला तेव्हा तो टपरीवर दूध उकळत होता.

त्याच्या सहीचं मला कौतुक होतं. चौथीत शाळा सुटलेला माणूस, पण 'जनार्दन' असं पूर्ण लिहायचा आणि खाली एक लांब रेघ मारायचा. पंच क्रमांक एक म्हणून त्याचाच मान. पैसे कधी घेतले नाहीत; टपरी फाटकापाशी राहू देतात, तेवढं बास, असं म्हणायचा. कागद वाचायचा प्रश्नच नव्हता. त्याचा चष्मा घरी कपाटात असायचा, सहीला चष्मा लागत नाही.

जनू मूळचा पालेगावचा. शेतं गेली, त्यांवर टॉवर उभे राहिले, मधोमध याचं कौलारू घर तेवढं उरलं. त्या घराच्या पडवीत त्याची मुलगी वृंदा बालवाडी चालवते. वृंदाचं लग्न मोडलं तेव्हा ती माहेरी येऊन जवळजवळ वर्षभर कोणाशी धड बोलली नव्हती. मग एका सकाळी उठून तिने पडवी झाडली, भिंतीवर खडूने अ-आ-ई काढलं आणि शेजारच्या टॉवरमधली तीन पोरं आणून बसवली. आता बावीस आहेत. जनू मला म्हणाला होता, "भाऊ, पोरांचा आवाज परत आला घरात. माजी पोरगी पन बोलाया लागली." त्या दिवशी त्याने मला फुकट चहा पाजला. तेवीस वर्षांत ते एकदाच.

गेल्या उन्हाळ्यात वृंदा माझ्या टेबलापाशी आली. म्हणाली, "काका, एक तक्रारअर्ज लिहून द्या. बाबांना नका सांगू, ते उगाच काळजी करतील."

समोरच्या टॉवरच्या तळमजल्यावर गोव्यात कॅसिनो चालवणारी एक कंपनी येत होती. पाटीवर कॅसिनो हा शब्द नव्हता. पाटीवर 'फॅमिली गेमिंग' होतं, आत पत्त्यांची टेबलं आणि खटका ओढून पैसे लावायची मशीनं होती. आमच्याकडे शब्द बदलला की परवाना मिळतो. सरकारच्या नव्या योजनेखाली कंपनीला तीन वर्षं करमणूक कर माफ, परवान्याची फी निम्मी. चार आयांनी वृंदाला आत्ताच सांगून टाकलं होतं, हे सुरू झालं तर आम्ही मुलं काढून घेणार, दारात कसले कसले लोक उभे राहतील. बाकीच्याही त्याच वाटेवर होत्या. वृंदाचं म्हणणं साधं होतं: पंच्याहत्तर मीटरच्या आत शाळा किंवा बालवाडी असेल तर असा परवाना देता येत नाही, आणि माझी बालवाडी तर समोर आहे.

मी लिहायला घेतलं. तिने जागेचा सर्व्हे नंबर सांगितला आणि माझा पेन थांबला. हा नंबर मी पाहिला होता. दोन महिन्यांपूर्वी, कचेरीत, एका पंचनाम्यावर. 'सभोवताली पंच्याहत्तर मीटरच्या आत कोणतीही शाळा वा बालवाडी आढळून आली नाही.' खाली पंच क्रमांक एक, जनू. पंच क्रमांक दोन, मी.

झालं, सांगून टाकलं.

मी तो कागद वाचला होता. माझा धंदाच वाचण्याचा, तेव्हा वाचला नव्हता असं म्हणायची सोय मला नाही. पण नंबरावरून मला काय कळणार? आणि जनूला तर नंबर माहीतच नव्हता. टॉवर उभा राहिला ते शेत त्याच्याच चुलत्याचं. घरात सगळे त्याला 'चिंचेचं खाचर' म्हणायचे. कागदावर चिंच नव्हती, खाचर नव्हतं, नुसते आकडे होते. जनूने स्वतःच्या दारासमोर आपल्याच मुलीची बालवाडी नाही, असं सही करून दिलं होतं. वर कागदावर चहाचा ग्लास ठेवला होता, त्याचा गोल डाग पडला होता. साहेब तेव्हा हसले होते, "जनू, सहीसोबत शिक्कापण मारलास की."

वृंदाला मी काही बोललो नाही. अर्ज लिहून दिला, चांगला लिहून दिला. ती गेल्यावर जनूला सांगितलं. त्याने गाळणी खाली ठेवली. मग म्हणाला, "तिला कळंल?"

"सुनावणी लागली तर फाइल निघेल."

सुनावणी लागली, पंधरा दिवसांनी. त्या पंधरा दिवसांत जनूने केलेला चहा कोणी पिऊ नये. कधी साखर दोनदा, कधी मुळीच नाही. एकदा सहीला बोलावलं तर पोटात दुखतंय म्हणून तो टपरीच्या मागे जाऊन बसला. घरी पडवीत पाऊल टाकवत नाही म्हणायचा, मागच्या दाराने जायचा. आणि रोज संध्याकाळी आपल्या उंबऱ्यापासून समोरच्या गेमिंगच्या काचेच्या दारापर्यंत पावलं मोजायचा. पहिल्या दिवशी बेचाळीस भरली. दुसऱ्या दिवशी पावलं आखूड टाकली, तरी एक्कावन्नच. सकाळी येऊन मला आकडा सांगायचा, जणू अंतर रात्रीतून वाढणार होतं. मला हसूही यायचं आणि गलबलूनही यायचं.

"सांगून टाक ना तिला," मी एकदा चिडून म्हणालो.

"काय सांगू? तुजा बाप आंधळा हाय म्हनून?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "आनि कचेरीत बोललो तर साहेब सोडतील? आजवरचे समदे कागद उकरतील. टपरी जाईल ती जाईल, पोलीस पन येतील. तुजं पन नाव हाय त्यात, भाऊ."

ते मला माहीत होतं. म्हणून तर मी चिडलो होतो.

सुनावणीच्या आदल्या दिवशी वृंदा टपरीवर आली, बापाला म्हणाली, "बाबा, आता कळलंच असेल तुम्हाला. उद्या चहा घेऊन तुम्हीच आत या हं. तुम्ही दिसलात की मला धीर येईल." जनूने विसळलेले ग्लास पुन्हा विसळायला घेतले.

सुनावणी कचेरीत तक्रारी ऐकणाऱ्या मॅडमच्या केबिनमध्ये होती. एका बाजूला वृंदा, मांडीवर बालवाडीचा हजेरीपट. दुसऱ्या बाजूला कंपनीचा सुयोग, बदलापूरचा मुलगा, बोलायला गोड. "ताई, आम्ही तुमच्या मुलांना खेळणी पण देऊ," म्हणाला. मी दाराबाहेर उभा होतो. काम काही नव्हतं, पण टेबलाशी बसवत नव्हतं.

जनू किटली आणि ग्लास घेऊन आत गेला. मॅडमनी फाइल उघडली. वरच पंचनामा होता, त्यावरचा गोल डाग मला दारातूनही दिसला. जनूलाही दिसला असणार, कारण त्याने ग्लास टेबलावर न ठेवता हातातच धरून ठेवला.

मॅडम वाईट नव्हत्या. शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुमचा हजेरीपट तुमचा तुम्हीच लिहिलेला आहे. बालवाडीची नोंदणी नाही. इथे दोन तिऱ्हाईत पंचांनी समक्ष जागेवर जाऊन सांगितलंय की बालवाडी नाही. त्यांचं तुमच्याशी काही वैर आहे का?"

"बघितलं असतं तर असं लिहिलं नसतं," वृंदा म्हणाली. "मॅडम, तुम्ही एकदा या ना बघायला. सकाळी दहाला या. बावीस मुलं एकदम कविता म्हणतात, रस्त्यापर्यंत ऐकू येतं."

"तीच तर अडचण आहे." मॅडमनी एक कागद वर काढला. "कंपनीला करासोबत आणखी एक सवलत मिळालीय. दरवर्षीची जागापाहणी दहा वर्षांसाठी माफ. या पंचनाम्याच्याच आधारावर. आता दहा वर्षं तिथे कोणी बघायला येणार नाही. मी तुमची तक्रार निकाली काढतेय."

त्यांनी फाइल मिटली. पंचांची नावं कोणी वाचली नाहीत, कोणी विचारलीही नाहीत. आम्ही सुटलो होतो. खरं सांगतो, मला आधी हायसं वाटलं आणि त्यानंतर लाज वाटली, याच क्रमाने. मॅडम फाइलीची फीत बांधायला लागल्या. वृंदाने हजेरीपट पिशवीत घातला आणि बापाकडे बघून कसनुसं हसली, तुम्ही काळजी करू नका अशा अर्थाने.

जनूने किटली खाली ठेवली. "मॅडम, फीत बांधू नका."

"काय झालं जनू?"

"पंच मी हाय त्यात. एक नंबर. मी जागेवर गेलो नव्हतो. कधीच जात नाय." त्याने मिटलेल्या फाइलीवर बोट ठेवलं. "माजंच दार हाय ते. बेचाळीस पावलांवर."

वृंदा त्याच्याकडे बघतच राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं ते हसू जायला वेळ लागला, आणि ते जाताना जनूने सगळं बघितलं. मान खाली घातली नाही.

सुयोग खुर्चीवरून अर्धा उठला. मॅडम म्हणाल्या, "जनू, काय बोलतोस कळतंय का? लेखी द्यावं लागेल. तुझ्यावर गुन्हा होऊ शकतो."

"देतो. भाऊ लिहील."

मी आत गेलो. लिहायला बसलो, अक्षर बरं आलं. सहा ओळी झाल्या. मी कागद त्याच्यापुढे सरकवला आणि सवयीने खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं, इथे सही कर म्हणून. जनूने पेन घेतला नाही. म्हणाला, "आधी वाचून दाव कोनी. चष्मा नाय मजकडं."

मी वाचणार इतक्यात वृंदाने कागद ओढून घेतला. खुर्ची बापाच्या जवळ सरकवली. मग पहिल्या शब्दाखाली बोट ठेवून वाचायला लागली, बालवाडीत वाचते तसं, एकेक शब्द सुटा करून. 'मी सदर जागेवर समक्ष गेलो नव्हतो' इथवर आली. ती थांबली, आणि तीच ओळ परत पहिल्यापासून वाचली. जनू तिच्या बोटाकडे बघत होता. शेवटी तिने बोट खाली आणलं आणि म्हणाली, "इथे, बाबा."

त्याने सही केली. पूर्ण जनार्दन, पण रेघ मारली नाही.

मॅडमनी कपाळ चोळलं. फाइल परत वर पाठवावी लागेल, सवलत थांबेल की नाही ते माझ्या हातात नाही, असं काहीसं म्हणाल्या. मग फीत सोडून पंचनामा पुन्हा पुढे ओढला आणि खालची नावं बघायला लागल्या. "आणि हे दोन नंबरचे पंच कोण?"

जनूने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. किटली उचलून ग्लासात चहा ओतू लागला. "त्यांचं ते सांगतील, मॅडम," म्हणाला.

वृंदाने वर पाहिलं. चहा ओतल्याचा आवाज येत होता. मी पिशवीतून दुसरा कोरा कागद काढला.