वावर नाही म्हणून

आमच्या घरी हात जोडले की भाकरीवर लगेच तुटून पडता येत नसे. प्रत्येक लेकरानं देवाचे एका गोष्टीसाठी उपकार मानायचे, आणि काल मानलेले आज चालत नसत. आई दवाखान्यात नर्स होती. वणीहून बसनं दमूनभागून यायची, पण या नियमात सूट नव्हती. मला भुकेनं दम निघत नसे, म्हणून मी मिठासाठी, उजेडासाठी असं काहीही ठोकून द्यायची. धाकटी बहीण मात्र अडायची. मग आई तिला सांगायची, "ज्याच्याजवळ नाही त्याच्याकडे पाह्य, मंग आठवते."

त्या वर्षी कापसावर लाल्या रोग पडला. पानं लाल होऊन गळाली, बोंडं धड उमललीच नाहीत. शेजारच्या घराचं सगळंच वावरातल्या त्या कापसावर. त्यांची मुलगी धाकटीची जिवाभावाची मैत्रीण. शाळा सुटली की ती आमच्याकडेच, आणि आई तिला जेवल्याशिवाय जाऊ देत नसे. ते घर ख्रिस्ती नव्हतं, तरी ती आमच्यासोबत डोळे मिटून बसायची.

एके संध्याकाळी धाकटीनं हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "प्रभू, आमच्याजवळ वावर नाही म्हणून तुझे उपकार मानते."

मी एक डोळा उघडला. मैत्रीण ताटाकडे बघत होती. तिनं ताट हळूच पुढे सरकवलं, "मले भूक नाही, काकू," म्हणाली आणि घरी गेली. मला असा संताप आला की धाकटीच्या पाठीत एक घालावी. आईनं माझा हात धरला.

"तिले कायले मारतं? म्याच शिकवलं हे."

दुसऱ्या दिवशी मैत्रीण आली नाही. शाळेतही बोलली नाही. धाकटीनं रडून रडून डोळे सुजवले. आता ती कधीच येणार नाही, हेच तिच्या डोक्यात बसलं होतं. शेवटी आई तिचं बोट धरून शेजारी गेली. तिथं काय बोलणं झालं ते मला कुणी सांगितलं नाही, पण बऱ्याच वेळानं तिघी परत आल्या.

ताटं वाढली. आई म्हणाली, "आजपासून दुसऱ्याकडे पाहून उपकार मानाचे नाही. आपल्याच दिवसात काय झालं, ते पाहाचं."

धाकटी पुटपुटली, "प्रभू, माही मैत्रीण आली म्हणून."

मी माझं काहीतरी म्हटलं. आई आता आमेन म्हणणार, तेवढ्यात मैत्रिणीनं हात जोडले. तिला कुणी म्हण म्हटलं नव्हतं. देवाला काय म्हणून हाक मारायची ते तिला माहीत नसावं, म्हणून तिनं नुसतंच सांगितलं, "आज आमच्या बाबानं पोटभर खाल्लं. लय दिवसांनी."

आमेन धाकटीनं म्हटलं, आणि आम्ही जेवायला लागलो.